आपली माणसे आणि ते लोक

पोळ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या सौंसरच्या मंडळाची बैठक झाली. तीत एका तरुण सभासदाने पांढुर्ण्याच्या गोटमारीवर एक छोटेखानी निबंध वाचला. निबंधाचे पहिले वाक्य असे होते : ‘आम्ही लोक सकाळीच जाम नदीच्या पुलावर पोचलो.’ बैठकीला पुण्याकडचे एक अभ्यासक पाहुणे होते. त्यांनी निबंधाची मनापासून स्तुती केली आणि शेवटी अगदी सौम्य शब्दांत सुचविले की, ‘आम्ही पोचलो’ एवढे पुरेसे आहे. ‘लोक’ हे हिंदीचे शेपूट आहे, ते छाटावे. सभासदाने मान डोलावली आणि पेन्सिलीने शब्दावर काट मारली. बैठक पुढे सरकली. आम्ही मात्र तिथेच अडकून राहिलो. इंग्रजीत ज्याला ‘पीपल’ म्हणतात आणि ज्याचा अर्थ सांगायला चौथीतल्या मुलालाही अडचण पडत नाही, त्या साध्या शब्दासाठी मराठीत आपण किती शब्द वापरतो, कोणता कोठे वापरतो आणि तो वापरताना कोणाला आत घेतो व कोणाला बाहेर ठेवतो, याचा विचार त्या काट मारलेल्या शब्दाने आमच्या मागे लावून दिला. पाहुण्यांची सूचना चुकीची होती असे आमचे म्हणणे नाही. ती बरोबर होती म्हणूनच विचार करावासा वाटला.

गोटमारीचीच गोष्ट घेऊ, कारण निबंध तिचाच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि एका काठाने पांढुर्णा, दुसऱ्या काठाने सावरगाव असे समोरासमोर उभे राहून दिवसभर एकमेकांवर दगड चालवतात. एका गावचा मुलगा व दुसऱ्या गावची मुलगी नदी ओलांडून पळून जात होती आणि मधल्या पाण्यात दोन्हीकडच्या दगडांनी मारली गेली, अशी त्यामागची कथा सांगतात. त्या दिवशी कोणत्याही काठावर उभे राहून कान दिला, तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्या काठावर असतात ती ‘आपली मानसं’ आणि पलीकडे असतात ते ‘तिकडचे लोकं’. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन्हीकडचे जखमी मिळून ‘लोक’ होतात. त्यांचा आकडा येतो. ज्या घरातला कोणी खाटेवर पडलेला असतो, त्या घरात मात्र ‘लोक’ जखमी झालेले नसतात. तिथे ‘मानूस’ पडलेला असतो. एकाच देहासाठी काठाकाठाने आणि दाराआड-दाराबाहेर शब्द बदलतो. हा बदल कोणी शिकवलेला नाही. तो भाषेत मुरलेला आहे.

मराठीत ‘लोक’ या शब्दाचा एक स्वभाव आहे : बोलणारा सहसा स्वतःला त्यात धरत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या घराघरांत उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यातले लोक नेहमी दुसरे असतात. ‘लोकांच्या पोरी’, ‘लोकांचे पैसे’, ‘लोकांच्या घरी जेवायला गेल्यावर’ या साऱ्या प्रयोगांत लोक म्हणजे परके. संस्कृतात ‘लोक’ म्हणजे जग. इहलोक, परलोक, मृत्युलोक हे शब्द आपण अजून त्याच अर्थाने वापरतो. जग जसे आपल्या बाहेर असते, तसे हे लोकही बाहेर असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘पीपल’ला प्रतिशब्द हवा झाला, तेव्हा हाच शब्द हाताशी होता. गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ हे नाव घेऊन १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली. त्या नावातले लोक म्हणजे ज्यांचे हित करावयाचे आहे ते. करणारा वेगळा, ज्यांचे करावयाचे ते वेगळे. पुढे टिळक ‘लोकमान्य’ झाले, लोकसभा आली, लोकशाही आली. शब्दाची प्रतिष्ठा वाढली. अंतर पुरते मिटले असे आम्हांला वाटत नाही.

‘माणूस’ या शब्दाची तऱ्हा याच्या नेमकी उलट. तो जवळचा शब्द आहे. ‘आपला माणूस’, ‘घरचे माणूस’, ‘माणसात येणे’, ‘माणूस जोडणे’. रानातले जनावर सवयीने जवळ आले की ते ‘माणसाळते’. कोणी भेटीगाठींना कंटाळला की तो ‘माणूसघाणा’ ठरतो. लग्नाचा खर्च ‘माणशी’ मोजतात. लोक मोजताना ‘लोकशी’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘लोकुसकी’ असा शब्दही नाही; आहे तो ‘माणुसकी’. पण हा जवळचा शब्दही दिसतो तितका भोळा नाही.

त्याचे व्याकरण पाहावे. ‘तो माणूस’ म्हणताना शब्द पुल्लिंगी असतो. अनेकवचन करायला गेलो की ‘ते माणूस’ असे न होता ‘ती माणसे’ होते. म्हणजे मुले, घरे, झाडे यांच्या रांगेत जाऊन बसते. एकटा असताना पुरुष आणि गर्दीत गेल्यावर नपुंसक, अशी ही विचित्र स्थिती. ‘घरचे माणूस’, ‘बाईमाणूस’ या बोलण्यांतून त्याचे नपुंसकलिंगी रूप एकवचनातही डोकावते : ‘ते बाईमाणूस एकटे कुठे जाणार?’ आमच्या समजुतीप्रमाणे या नपुंसकलिंगात एक शहाणपण शिल्लक आहे. बाई असो वा गडी असो, लहान असो वा थोर असो, जे कोणी माणूस आहे ते, असा तो भाव. पुढे केव्हातरी पुरुषाने एकवचन आपल्या नावावर करून घेतले आणि अनेकवचन तेवढे सर्वांसाठी ठेवले. व्याकरणाच्या पुस्तकात हा अपवाद म्हणून एका ओळीत उरकतात. तो एवढ्यावर उरकण्यासारखा नाही.

इंग्रजीत याच्याशी मिळतीजुळती हकीगत घडली आहे. जुन्या इंग्रजीत ‘मन’ म्हणजे केवळ मनुष्य. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘वीफ’ असे वेगळे शब्द होते. ‘वेर’ हा आपल्या ‘वीर’चा नातेवाईक आणि ‘मन’ हा आपल्या ‘मनू’चा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्त्रीचा निर्देश करायचा तर ‘वीफमन’ म्हणत. आजचा ‘वुमन’ त्याचाच घासून उरलेला गोटा आहे. म्हणजे आमच्या आजीच्या तोंडचे ‘बाईमाणूस’ आणि इंग्रजांचे ‘वीफमन’ ही घडण एकच. पुढे ‘वेर’ लुप्त झाला, लांडगा होणाऱ्या माणसाच्या गोष्टींत, ‘वेरवुल्फ’मध्ये, तेवढा उरला, आणि रिकाम्या जागेवर ‘मॅन’ जाऊन बसला. मग ‘मॅन’ म्हणजे माणूसही आणि पुरुषही. ज्याला जेव्हा जे सोयीचे, तेव्हा ते.

ही सोय किती महाग पडते, याचा एक दाखला इतिहासात आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा संयुक्त राष्ट्रांत घडत असताना पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. आपल्या संविधानसभेच्या सदस्य हंसाबेन मेहता त्या आयोगावर होत्या. ‘मेन’ म्हणजे सर्व माणसे असेच सगळे समजतील, हा युक्तिवाद त्यांनी मान्य केला नाही; काही देशांत तो शब्द तंतोतंत वाचला जाईल, असा त्यांचा आग्रह होता. अखेर ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले. एका शब्दासाठी वाद घालणाऱ्यांना आपल्याकडे ‘शब्दच्छल करणारे’ म्हणतात. हा छल नव्हता.

कायद्यातल्या ‘पर्सन’ या शब्दाने तर याहून मोठा खेळ केला. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरी हिंदुस्थानातल्या न्यायालयांची दारे त्यांना कित्येक वर्षे बंदच राहिली. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांच्या अर्जावर कलकत्ता उच्च न्यायालयाने स्त्रीला वकिलीची सनद नाकारली. कायद्यात शब्द ‘पर्सन’ होता. पण त्यात स्त्री येत नाही, असा त्याचा अर्थ लागला. स्त्रियांचा मार्ग मोकळा करणारा कायदा १९२३ मध्ये व्हावा लागला. कॅनडातल्या स्त्रिया ‘पर्सन’ आहेत, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला १९२९ मध्ये सांगावे लागले. गंमत अशी की लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. आणि मराठीत त्यासाठी आपण योजलेला ‘व्यक्ती’ हा शब्द चक्क स्त्रीलिंगी आहे. भला मिशाळ पैलवान असला तरी तो ‘ती व्यक्ती’. लिंगाने काय मिळाले याचा हिशेब मात्र वेगळा. मराठी व्याकरणात ‘पर्सन’ला ‘पुरुष’ म्हणतात. आमच्या मुली शाळेत ‘मी’ हे प्रथमपुरुषी सर्वनाम म्हणून पाठ करतात आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही.

आमच्या भागातल्या शेतातला हिशेब या साऱ्यापेक्षा सरळ आहे. संत्र्याच्या तोडीला किंवा कपाशीच्या निंदणाला किती जण होते, असे विचारले तर उत्तर येते : ‘चार मानसं अन् आठ बाया.’ जेवायला बसताना त्या बारा जणी-जणांची ‘मानसं’च असतात, ‘किती मानसाचा सयपाक?’ या प्रश्नात बाया मोजल्या जातात. मजुरी मोजायची वेळ आली की माणूस वेगळा होतो आणि बाई वेगळी. शब्दाचा अर्थ कोशात पाहण्याऐवजी तो चुकवताना कोणाच्या हातावर किती पैसे पडतात ते पाहावे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. आणखी एक उपयोग इथे नोंदवला पाहिजे. ‘तिचा मानूस’ म्हणजे तिचा नवरा. हिंदीतही ‘उसका आदमी’ म्हणजे तेच. ‘त्याचे माणूस’ असे बायकोबद्दल म्हणताना मात्र आम्ही तरी ऐकलेले नाही. ‘त्याची बाई’ असे म्हणतात.

हिंदी-मराठीच्या या शेजारामुळे आम्हांला एका जुन्या चित्रपटाचा वेगळा अर्थ लागला. प्रभातने १९३९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली एकच कथा दोन भाषांत काढली. मराठीत ‘माणूस’, हिंदीत ‘आदमी’. गणपत नावाचा पोलीस शिपाई (शाहू मोडक) आणि धाडीच्या वेळी त्याने वाचवलेली वेश्या मैना (शांता हुबळीकर) यांची ती कथा. त्याला तिला घरात आणायचे असते, आईपुढे उभी करायची असते. तिला ते पेलत नाही. मराठी समीक्षेत या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. नायकाने निराशेवर मात करून जगण्याकडे वळणे हे त्याचे सूत्र मानले जाते, आणि ते योग्यच आहे. पण शीर्षकातला माणूस कोण, हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला पडू शकतो आणि हिंदी प्रेक्षकाला तितका पडत नाही. ‘आदमी’ म्हणजे आदमचा वंशज. बोलीत तो पुरुषच. त्यामुळे ‘आदमी’ म्हटले की तो गणपत, हे ठरून गेले. ‘माणूस’ म्हटले की दार जरा किलकिले राहते. आम्हांला तर प्रत्येक वेळी वाटते की ते नाव मैनेचे आहे. माणूस म्हणून जगू पाहणारी आणि जिच्यासाठी समाजाच्या शब्दकोशात दुसराच शब्द आधीपासून लिहून ठेवलेला आहे, अशी ती आहे. गणपत खचला तरी माणूस राहतोच. तिला ते व्हायचे असते. बहिणाबाईंनी माणसाला ‘माणूस’ होण्याविषयी जो प्रश्न विचारला तो सर्वांना ठाऊक आहे. तो प्रश्न माणुसकी विसरलेल्या माणसाला उद्देशून होता. मैनेचा प्रश्न वेगळा आहे : तिची माणुसकी शाबूत आहे, तिला माणूस म्हणणारे कोणी नाही. या दोन प्रश्नांची आपण नेहमी गल्लत करतो.

स्वातंत्र्यानंतरच्या मराठी साहित्याने ‘माणूस’ शब्दाला फार वापरले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे. या शीर्षकातला अनुस्वार बोलीचा आहे आणि शब्दाची निवड विचारपूर्वक आहे. ‘माणदेशी लोक’ असे नाव दिले असते तर ते पुस्तक गॅझेटिअरच्या शेजारी जाऊन बसले असते. साहेबांनी आपल्याविषयी लिहिताना ‘पीपल’ हाच शब्द उचलला होता : ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत इथल्या जातीजमातींची छायाचित्रे छापली गेली, त्याच नावाचे रिझले यांचे पुस्तक १९०८ मध्ये आले. आमच्या मुलखावर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंड लिहिले. त्यांच्या नावात तर सरळच जाती आणि जमाती आहेत. या ग्रंथांची उपयुक्तता नाकारता येणार नाही. आम्हीही ते चाळतो आणि आपल्या गावची एखादी चाल त्यात सापडली की हरखतो. पण त्यांतल्या कोणाला नाव नाही. नाक किती रुंद, लग्नात काय करतात, मेल्यावर काय करतात, हे आहे. रामा, शिदा, बन्या असा कोणी नाही. माडगूळकरांनी दुष्काळी मुलखातल्या एकेकाला नाव देऊन उभे केले. लोकांची माणसे झाली, ती अशी. अनिल अवचटांनी श्रमिकांवरच्या लेखांच्या संग्रहाला ‘माणसं’ हेच नाव दिले, तेही याच कारणाने असावे.

१९६१ मध्ये श्री. ग. माजगावकरांनी ‘माणूस’ साप्ताहिक काढले. त्याच दशकात अमरावतीच्या मनोहर तल्हारांची सायकलरिक्षा ओढणाऱ्यावरची ‘माणूस’ कादंबरी वाचकांपुढे आली. याच सुमारास समीक्षेत ‘सामान्य माणूस’ हा शब्दप्रयोग रुजला आणि आज त्याने उच्छाद मांडला आहे. ज्याच्याविषयी काही विशेष सांगता येत नाही तो सामान्य माणूस. ज्याचे नाव विचारायचा कंटाळा केला तो सामान्य माणूस. परीक्षणे वाचताना आम्ही या शब्दाखाली रेघ मारतो. नऊ वेळा तरी त्याच्या जागी ‘लोक’ घातला तर अर्थात फरक पडत नाही. माणूस हा शब्द वापरून लोकांचे काम करवून घेण्याची ही युक्ती आहे, आणि ती अप्रामाणिक आहे.

ज्यांच्या लेखी ‘माणूस’ हा शब्द अलंकार नव्हता, त्यांच्याकडे वळल्यावर ही अप्रामाणिकता अधिक बोचते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी गेले, ते तहान भागवायला गेले नव्हते. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता त्यावर माणसांना होता; तिथे पाणी पिणे म्हणजे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करणे होते. त्या चळवळीच्या बोलण्यात ‘माणुसकी’ या शब्दाला जो अर्थ आला, तो त्यापूर्वी मराठीत नव्हता. त्यापूर्वी माणुसकी म्हणजे दया, सौजन्य, दुसऱ्याला दाखवायची गोष्ट. ‘थोडी माणुसकी दाखवा’ असे आपण आजही म्हणतो. ‘माणुसकीचे हक्क’ म्हटल्यावर ती दाखवायची वस्तू राहिली नाही, मागायची आणि मिळवायची झाली. आमच्या मते गेल्या शंभर वर्षांत मराठीच्या एखाद्या शब्दात झालेला हा सर्वांत मोठा अर्थपालट आहे आणि तो कोणा साहित्यिकाने घडवलेला नाही. बाबूराव बागूल, दया पवार यांच्या लेखनाने तो नंतर वाचकांपर्यंत नेला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ‘मानुष’ या संस्कृत शब्दापासून ‘माणूस’ आला आणि ‘मानुष’ म्हणजे मनूचा. ज्याच्या नावावरून आपल्याला माणूस म्हणतात, त्याच्याच नावाच्या ग्रंथाने निम्म्यांना माणूस मानायचे नाकारले, आणि ज्यांना नाकारले त्यांनी ग्रंथ जाळून शब्द ठेवून घेतला.

सौंसरहून पाहताना १९५६ साल विसरता येत नाही. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि आम्हीही त्याच राज्यात होतो. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर-पांढुर्णाही. घरात मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत हिंदी अशी आमची तीन दारी व्यवस्था तेव्हापासूनची. २०२३ मध्ये या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कागदाची भाषा काही बदलली नाही.

सीमेच्या पलीकडे मात्र एका नव्या माणसाचा जन्म होत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाल्यानंतर ‘मराठी माणूस’ हा शब्द घोषणा म्हणून घुमू लागला. त्यामागच्या राजकारणाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांला शब्दापुरतेच पाहायचे आहे. ‘मराठी माणूस’ हा नेहमी एकवचनी असतो. ‘मराठी माणसे’ अशी घोषणा कोणी देत नाही. म्हणजे ज्या एकवचनात बाई मावत नाही, तेच. आणि तो महाराष्ट्रात राहतो. आमच्या इथे ज्वारीची भाकर खाऊन, पोळ्याला बैल सजवून, संतांचे अभंग म्हणून झोपी जाणारा जो कोणी आहे, तो या शब्दात येतो की नाही, हे आम्ही अनेकांना विचारले. नागपूरचे स्नेही ‘म्हणजे काय, येतोच’ असे म्हणतात आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘तुमच्याकडचे लोक’ म्हणतात. त्यांच्या मनात काही नसते. भाषेच्या मनात असते.

येथपर्यंत आल्यावर त्या सभासदाच्या काट मारलेल्या शब्दाकडे परत जाणे भाग आहे. ‘आम्ही लोक’, ‘तुम्ही लोक’ हे आमच्याकडचे सर्रास बोलणे. ते हिंदीतल्या ‘हम लोग’वरून आले, याबद्दल वाद नाही. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ मालिका लागे तेव्हा तिचे नाव मराठीत कसे सांगावे असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. पुण्याच्या माणसाला पडला असता. प्रमाण मराठीचा कान म्हणतो, ‘आम्ही’ आणि ‘लोक’ एकत्र येऊ शकत नाहीत. बरोबर आहे. लोक म्हणजे दुसरे, हे आम्ही वर सांगितलेच. मग ज्या बोलीत ‘आम्ही लोक’ म्हणता येते, त्या बोलीने ‘लोक’ या शब्दाचे परकेपण तेवढ्यापुरते काढून घेतले, असे का म्हणू नये? पलीकडच्या काठावर उभे असलेले लोक आणि अलीकडचे आम्ही यांच्यात एक फळी टाकली गेली, ती हिंदीकडून आली म्हणून काय ती फेकून द्यावी?

आणि ज्या एका मराठी वाक्याने हे दोन शब्द शेजारी बसवले, ते वाक्य काही आमच्या बाजारातले नाही. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेचे मराठी भाषांतर ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी सुरू होते. इंग्रजीत ‘वी, द पीपल’ सहज येते, हिंदीत ‘हम, भारत के लोग’ त्याहून सहज येते. मराठीत ते थोडे अडखळते. शाळेत मुलांकडून म्हणवून घेताना आम्हांला ते जाणवले आहे. भाषांतरकारांना ‘जनता’ हा शब्द होता, ‘जन’ होता, ‘नागरिक’ होता. त्यांनी ‘लोक’ घेतला आणि त्याच्या आधी ‘आम्ही’ ठेवला. मधल्या स्वल्पविरामाची जागा सोडली तर तो प्रयोग सौंसरच्या बोलीशी नाते सांगतो. एखादा शुद्धलेखनवादी म्हणेल की स्वल्पविरामानेच सारा फरक पडतो. पडत असेल. परंतु ज्यांनी आजवर लोकांविषयी लिहिले, लोकांसाठी लिहिले, लोकांचे हित केले, त्यांच्या मराठीत ‘लोक’ कधी ‘आम्ही’ नव्हते, एवढे मान्य व्हायला हरकत नसावी.

पाहुण्यांना आम्ही नंतर पत्र लिहिले आणि हे सारे थोडक्यात कळवले. त्यांचे उत्तर मोकळेपणाचे होते. त्यांनी लिहिले की उद्देशिकेचा दाखला त्यांना सुचला नव्हता. तरीही निबंधात ‘लोक’ नको, कारण निबंध प्रमाण भाषेत आहे आणि एका शब्दापुरती बोली आणली की ती चूकच वाटते. या आक्षेपात तथ्य आहे. आम्ही स्वतः या लेखात ‘आम्ही’ लिहिताना एकदाही ‘आम्ही लोक’ लिहिलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. लिहायला हात धजावला नाही.

त्या सभासदाचा निबंध याच अंकात पुढे छापला आहे. पेन्सिलीची काट आम्ही खोडरबराने पुसली. पहिल्या वाक्यात ‘लोक’ आहे. मूळ हस्तलिखितात पुढे दोन ठिकाणी ‘लोकं’ असा अनुस्वार होता. तो मुद्रितशोधकांनी काढून टाकला, आणि छपाई झाल्यावर ते आमच्या ध्यानात आले.